वापरणाऱ्यांना आधी कळवा

अणदुरात अमरनाथचं इंटरनेट चालायचं ते अँटेनापेक्षा लोकांच्या भिडेवर जास्त. बाजारगल्लीत दुकान, दुकानाच्या माळ्यावर घराघरांत नेट वाटून देणारं एक करडं मशीन, गच्चीवर अँटेना आणि तिच्याकडं तोंड करून बसलेली घरं, असा त्याचा पसारा. मोठ्या कंपनीची फायबर गावात आली तेव्हा जे निव्वळ गिऱ्हाईक होते ते लगोलग तिकडं गेले. उरले ते नात्यातले, शेजारचे, एकमेकांच्या लग्नात पंगती वाढलेले. त्यांची पोरं अडखळणाऱ्या व्हिडिओपायी घर डोक्यावर घ्यायची आणि बाप म्हणायचा, "आरं, पन अमरनाथला काय तोंड दावायचं?" या भिडेला अमरनाथ 'आपल्या सर्व्हिसवरचा विश्वास' म्हणायचा. माणूस जमेच्या बाजूला काय धरतो त्यावर कुणाचा जोर चालतो? मात्र हीही घरं गेली तर शटर ओढून सोलापुरात मेव्हण्याच्या दुकानात काउंटरला उभं राहायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि नेमका पुण्याहून रणधीरचा फोन आला. मशीन मुळात बसवलं होतं ते याच दोस्तानं.

"तुझ्या मशीनच्या सिस्टीमची, त्या फ्रीबीएसडीची, आवृत्ती मेली बाबा. तिची डागडुजी आता कुनी करत न्हाय. कुनीबी आत घुसंल."

"मंग नवी टाकू की."

"तयार अपडेट चालनार न्हाय. तिचा कर्नल, म्हंजी गाभा, म्या हातानं बदललाय. सोर्सवरनं, म्हंजी मूळ कोडावरनं, सगळं बांधावं लागंल. नीट ऐक. आधी सूचना वाच, बॅकअप घे. जुनी सिस्टीम शेजारी तशीच ठेव, बिघडलं तर माघारी येता येतंय. पहिला कर्नल बसव, मशीन चालू करून बघ, चाललं तरच बाकीचा संसार हलव. आन् वापरनाऱ्यांना आधी कळव."

"कळवतो."

"ग्रुपवर टाक. दुपारी घटकाभर बंद ऱ्हाईल म्हनून. बास."

"ग्रुपवर? आरं, गाव हाय हे. घरी जाऊन सांगाया पायजे."

इस्तरीचा शर्ट घालून तो निघाला तेव्हा शिवानी, त्याची बायको, हसून म्हणाली, "अवं, मशीन बंद करताय का लगीन लावताय त्याचं?"

पहिलं घर बंडप्पाकाकांचं. "बा, कूतको," काकांनी कानडीत बसायला सांगितलं. चहा आला. काम घटकाभराचं, पण अमरनाथ सावध माणूस. तो म्हणाला, "काका, उद्या दिवसभर नेट बंद ऱ्हाईल. माफी मागाया आलो."

"दिवसभर?" काकांनी शिवम्माकाकूंकडं बघितलं. काकूंनी काकांकडं बघितलं. मग दोघांनी चहाकडं बघितलं. "छ्या छ्या, माफी कसली! घे की तुझा येळ. आमी बघतो कायतरी."

पुढच्या दारात शिवकांताअक्का म्हणाल्या, "पोरीची परीक्षा हाय रं नेटवर. पन तू काळजी करू नगस. आमी बघतो कायतरी."

घरोघर तेच. रागावलं कुणीच नाही, उलट प्रत्येकाच्या चेहऱ्यावरचं काहीतरी ओझं उतरल्यागत दिसत होतं. अमरनाथनं ते प्रेमाच्या खात्यात टाकलं आणि घरी येऊन सांगितलं, "मानसं लई चांगली हायती आपली."

मशीननं रात्रभर सोर्समधून सिस्टीम बांधली. पहाटे लाइट गेली, इन्व्हर्टरनं धरलं. सकाळी त्यानं कर्नल बसवून मशीन बंद-चालू केलं. चाललं. मग बाकीचा संसार हलवला. सेटिंगच्या फायलींपाशी मशीन विचारायचं, तुमची ठेवू का नवी घेऊ? त्यानं एकेक वाचून उत्तर दिलं. वापरणाऱ्यांच्या नावांची फाईल आली तेव्हा तर उठून चूळ भरून आला, मग 'माझी ठेव' म्हणून बटण दाबलं. जेवणाच्या आत सगळं उरकलं.

"पयल्याच झटक्यात?" रणधीर फोनवर थक्क. "मला सुदिक दोनदा बसवावं लागतंय रं."

अमरनाथ पडद्यासमोर बसला. मशीन उठलं की घरं एकेक करून जोडली जातात, नावं वर येतात. एकही नाव आलं नाही. त्यानं केबल तपासल्या, गच्चीवर जाऊन अँटेना बघितली. शेवटी शेजारी राखलेल्या जुन्या सिस्टीमवर माघारी गेला. ती बिनतक्रार उठली आणि तिच्यावरही तेवढाच शुकशुकाट. पुन्हा नवी लावली आणि चपला घालून काकांचं घर गाठलं.

काकांच्या भिंतीवर नवा पांढरा डबा होता. त्याला हळदकुंकू लावलेलं.

"तूच म्हनलास दिवसभर बंद," काका म्हणाले. "कंपनीचं पोरगं सकाळीच गल्लीत हुतं. म्हनलं, येका दिवसापुरतं बसव. बसवता बसवता बोलनं निघालं तर जळकोटच्या आपल्या वीरप्पाचा नातू! आता त्याला काढ म्हनलं तर बरं दिसतंय का, तूच सांग."

"न्हाय दिसत," अमरनाथ म्हणाला.

"समदी गल्लीच अडून बसली हुती बघ, तुला कसं सांगावं म्हनून. तू आपनहून आलास, लई बरं झालं."

भांडावं, असं त्याला वाटलं. पण काकूंनी तोवर चहा आणला होता, आणि चहा पुढ्यात असताना कसं भांडायचं? "चांगलं केलं काका," म्हणून तो उठला.

परतताना शिवकांताअक्का दारात दिसल्या. दार त्यांनी अर्धं ओढून घेतलं होतं. "झालं का रं तुजं काम नीट?"

"झालं अक्का. येकदम नीट."

माळ्यावर येऊन तो पुन्हा पडद्यासमोर बसला. सूचनांमधली शेवटची पायरी उरली होती. सगळं सुरळीत असल्याची खात्री करून जुन्या फायली काढून टाका. मशीन प्रत्येक फायलीला विचारत होतं, काढू का? तो हो म्हणत गेला.

शिवानी वर आली. तिनं मोबाइल मशीनला जोडला, एक व्हिडिओ लावला. तो अडखळला नाही.

"अवं, लई पळतंय की आता!"

"पळनारच," अमरनाथ म्हणाला. "वाटेकरी कोन हाय?"