एमिलची फेरी

विलो फोर्क काउंटीत, म्हणजे आमच्या जिल्ह्यात, त्या उन्हाळ्यात लोकांनी दारांना कुलपं लावायला सुरुवात केली. दोन पिकअप, एक ट्रेलर आणि कोणाच्या तरी कोठारातलं वेल्डिंगचं यंत्र चोरीला गेलं, एवढंच निमित्त. पण हार्डवेअरच्या दुकानातली कुलपं आठवड्यात संपली. ज्यांनी जन्मभर गाडीची किल्ली गाडीतच ठेवली, ती माणसं आता खिसे चाचपत उभी राहू लागली. जो भेटेल तो एकच म्हणायचा, "एमिल असता तर हे झालं नसतं!"

एमिल स्लाडेक हा आमचा जुना शेरीफ. काउंटीच्या पोलिसांचा हा प्रमुख आमच्याकडे दर चार वर्षांनी मतांवर निवडला जातो. एमिल लागोपाठ सात वेळा निवडून आला; शेवटी शेवटी तर त्याच्याविरुद्ध उभं राहायला कोणी धजत नसे. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्याच्यामागून आलेला शेरीफ त्या वर्षी निवृत्त होत होता. एमिलचा जुना डेप्युटी, म्हणजे हाताखालचा पोलीस, ऑरिन टॉफ्ट अजून नोकरीत होता; तो शेरीफपदासाठी उभा राहिला, तेव्हा घोषणेसाठी त्याला डोकं खाजवावं लागलं नाही. कुंपणाकुंपणावर पाट्या झळकल्या : 'एमिलचे दिवस परत आणू या. ऑरिन टॉफ्टला मत द्या.'

ही नुसती मतं मिळवायची युक्ती नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. ऑरिनचा त्या दिवसांवर खरोखर जीव होता. बाविसाव्या वर्षी तो नोकरीला लागला, तेव्हा तुरुंग आणि शेरीफचं घर एकाच विटांच्या इमारतीत होतं. पुढे चार कोठड्या, मागे स्वयंपाकघर. एमिलची बायको लिओना कैद्यांसाठी रांधायची आणि भिंतीवरचा फोनही तीच घ्यायची. खसखशीचं सारण भरलेले गोड पाव, कोलाचे, ओव्हनमधून काढता काढता ती रेडिओवर सांगायची, "एमिल, कुबिकची गुरं रस्त्यावर आलीत. आणि येताना दूध आण." तेच गरम कोलाचे कैद्यांच्या ताटात जायचे. एक म्हातारा तर थंडी पडली की काहीतरी किरकोळ आगळीक करून मुद्दाम आत यायचा, आणि एमिल त्याला म्हणायचा, "या वर्षी उशीर केलास रे!"

आता शेरीफचं कार्यालय हायवेलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलं होतं. तिथे कॉफीसुद्धा यंत्रातून यायची. ऑरिन अठ्ठावन्न वर्षांचा झाला होता, पण जुन्या इमारतीवरून जाताना अजूनही त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा आणि खसखशीचा वास आल्यासारखं वाटायचं.

आणि एमिलची फेरी! कोणाच्या घरी नवराबायकोचं वाजलं, हात उठला, की एमिल जायचा. नवऱ्याला म्हणायचा, "चल, फेरी मारून येऊ." त्याला गाडीत पुढे, आपल्या शेजारी बसवायचा, धान्याच्या मोठ्या कोठारांपर्यंत फिरवायचा, थर्मासमधली कॉफी पाजायचा आणि डोकं थंड झालं की घरी आणून सोडायचा. कागद नाही, कोर्ट नाही, गावात बभ्रा नाही. ऑरिनच्या प्रत्येक भाषणात ही फेरी असायची आणि तिथे टाळ्या हमखास पडायच्या.

त्याच्याविरुद्ध उभा होता ब्रेंट किंबॉल, राज्य पोलिसांतली नोकरी सोडून आलेला छत्तीस वर्षांचा माणूस. तो म्हणायचा, आलेल्या प्रत्येक फोनची नोंद झाली पाहिजे आणि मारहाणीची खूण दिसली तर अटक झालीच पाहिजे. कॅफेत लोक हसायचे. "हा गडी रस्त्यावर आलेल्या गाईलाही पावती फाडून देईल!"

गुरुवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दोघांची समोरासमोर सभा होती. बुधवारी दुपारी ऑरिन लिओनाकडे गेला.

"मिसेस स्लाडेक, उद्या तुम्ही नुसतं पहिल्या रांगेत बसायचं. बोलायचं काही नाही. एमिलची हॅट मांडीवर ठेवा, म्हणजे झालं."

"म्हणजे मी हॅट अडकवायची खुंटी," लिओना म्हणाली. चौऱ्याऐंशी वर्षांची झाली होती, पण जिभेची धार तशीच होती. "बस. कॉफी तूच ओतून घे, माझा हात थरथरतो."

ओट्यावर तिचा स्कॅनर खरखरत होता. आमच्याकडे म्हाताऱ्यांच्या घरातलं घड्याळ एक वेळ बंद असेल, पण स्कॅनर बंद नसतो. पोलिसांचा रेडिओ ऐकत त्यांचा दिवस जातो.

"काल संध्याकाळी तू रोलीच्या घरी गेला होतास," ती म्हणाली.

रोली पेशेक हा गुरांच्या लिलावबाजाराचा मालक आणि ऑरिनच्या प्रचाराचा प्रमुख. निम्म्या पाट्या त्याने स्वतःच्या हाताने ठोकल्या होत्या.

"काही विशेष नव्हतं हो. जरा बाचाबाची. मी त्याला फेरी मारून आणलं."

"आणि जनेल? त्याची बायको?"

"ठीक होती. दारात उभी होती. म्हणाली, पायरीवरून पडले."

"पायरीवरून पडलेल्या बाईचं मनगट सुजतं, ऑरिन. तिचं काय सुजलं होतं?"

जनेलचा डावा डोळा मिटत आला होता. त्याने तो पाहिला होता आणि पाहिला नाही असं स्वतःलाच सांगितलं होतं.

"तू पुढच्या सीटवरून फेरी पाहिलीस," लिओना म्हणाली. "मी अठ्ठावीस वर्षं फोनवरून पाहिली. तुमची गाडी फाटकाबाहेर पडली की तिकडून बाईचा पुन्हा फोन यायचा. 'लिओना, तो किती वेळात परत येईल?' बास, एवढंच विचारायची. एमिलची कॉफी संपायला पाऊण तास लागायचा. मी सांगायची, पाऊण तास. तेवढ्यात ती पोरांना जेवू घालायची, सुऱ्या लपवायची, नीटनेटकी होऊन बसायची. आणि मी? मी त्या पाऊण तासात कोलाचेचं पीठ मळायची!"

"पण पुढे ते फोन थांबायचे की," ऑरिन म्हणाला. "एमिल नेहमी सांगायचा, फेरीनं अमका सुधारला, तमका सुधारला."

"सुधारले कुठले! बायकांनी फोन करायचं सोडलं. पोलिसाला बोलावलं की नवरा कॉफी पिऊन ताजातवाना होऊन परत येतो, हे कळल्यावर कोण शहाणी पुन्हा बोलावेल?"

"एमिल चांगला माणूस होता!" ऑरिनचा आवाज चढला. त्याच्या सगळ्या तरुणपणावरच कोणी हात टाकला होता.

"एक्कावन्न वर्षं संसार केलाय मी त्याच्याशी, मला नको सांगूस." लिओनाचे डोळे भरून आले. "चांगला होता, फार चांगला होता. माझ्यावर कधी आवाज चढवला नाही त्यानं. म्हणून तर त्याला उमजलं नाही. त्याला वाटायचं, सगळे पुरुष आपल्यासारखेच, जरा वारं लागलं की निवणारे. पण मला उमजत होतं, आणि मी गप्प बसले. तेव्हा उगाच त्याची हॅट माझ्या मांडीवर ठेवू नकोस."

लिओनाने स्कॅनरचा आवाज बारीक केला.

"लोकांना कुलपांची काळजी आहे," ऑरिन पुटपुटला. "मी त्यांना सांगतोय, एमिलच्या वेळी कुलपं लागत नव्हती."

"नव्हतीच लागत. पण ज्या घरात भीती आतच राहते, त्या घराला कुलूप लावून काय उपयोग? मतांचं मला कळत नाही रे. काल तू रोलीला दारात सोडून गेलास, त्याआधीचा पाऊण तास जनेलनं कसा काढला असेल, तेवढं एकदा मनात आण."

ऑरिन उठला. कॉफी तशीच राहिली होती.

गाडी तो रोलीच्या घराकडे कधी वळवून बसला, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. बुधवार म्हणजे लिलावाचा दिवस, रोली बाजारात असणार. जनेलने जाळीचं दार अर्धंच उघडलं.

"रोली घरी नाही."

"ठाऊक आहे. मी तुझ्याकडे आलोय."

"सांगितलं ना काल, पडले म्हणून."

"जनेल, काल मी तुला विचारलंच नाही. रोलीला विचारलं, आणि तू मागून बोललीस. आज तुला विचारतोय."

तिने त्याच्या खिशातल्या वहीकडे पाहिलं. "लिहून घेणार?"

"हो."

"निवडणुकीआधी?"

"आत्ता."

जनेल कडवट हसली. "तीन आठवडे उशिरा आला असतास, तर शेरीफ म्हणून आला असतास!" मग ती पायरीवर बसली, आणि बोलू लागली. नऊ वर्षांचं साठलेलं होतं ते. ऑरिनने चार पानं लिहिली. लिहिताना मध्येच त्याला दिसेनासं झालं. त्याने बाहीने डोळे पुसले आणि पुढे लिहिलं. या नऊ वर्षांत तो तीनदा या दारात येऊन गेला होता, आणि तिन्ही वेळा त्याने थर्मास बरोबर आणला होता.

अटकेच्या हुकमावर न्यायाधीशाची सही घेऊन तो बाजारात पोचला, तेव्हा शेवटची वासरं विकली जात होती. रोली कठड्याला रेलून उभा होता. सगळी काउंटी तिथे जमलेली.

"काय शेरीफसाहेब!" रोली ओरडला.

"रोली, माझ्याबरोबर चल."

रोलीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसत खांदे उडवले. "पुन्हा? बरं बाबा, चल, फेरी मारू." तो स्वतःहून चालत गाडीपाशी गेला, पुढचं दार उघडलं आणि सवयीने आत बसायला वाकला.

"तिथे नाही," ऑरिन म्हणाला. आणि त्याने मागचं, जाळीपलीकडचं, कैद्यांना बसवायचं दार उघडलं.

"ऑरिन! वेडबिड लागलं काय? अरे, उद्या सभा आहे तुझी!"

"आहे ना. बस."

लिलाव पुकारणाऱ्याचा आवाजसुद्धा थांबला होता. पन्नास-साठ माणसं पाहत राहिली, पण कोणी पुढे झालं नाही.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लिओना पहिल्या रांगेत येऊन बसली होती, पण हॅट तिने आणली नव्हती. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने उठून विचारलं, "ऑरिन, काल काय झालं ते आम्ही पाहिलं. आता सरळ सांग, एमिलची फेरी परत आणणार की नाही?"

ऑरिन माइकपाशी आला. भाषणाचा कागद त्याच्या खिशातच राहिला.

"नाही आणणार," तो म्हणाला. "मी एमिलच्या हाताखाली वाढलो. त्या दिवसांची मला इतकी आठवण येते, की कधी कधी रस्त्यात गाडी थांबवून बसतो. पण ते दिवस आपल्यातल्या काहींसाठीच चांगले होते. आपण मारणाऱ्याला कॉफी पाजली आणि मार खाणारीला साधं विचारलंही नाही. मीही तेच केलं, परवापर्यंत केलं. माझ्या पाट्या मी उद्या उतरवतो. मला मत द्यायचं तर हे ऐकून द्या. नाही दिलं तरी माझी तक्रार नाही."

टाळी पडली नाही. मागच्या दोन रांगा उठून निघून गेल्या. ब्रेंट किंबॉल बोलायला उठला आणि म्हणाला, "यात मला भर घालण्यासारखं काही नाही," आणि खाली बसला. लिओनाने मात्र जाताना ऑरिनचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

ऑरिन त्रेसष्ट मतांनी हरला. रोलीच्या गोतावळ्याने त्याला पाडलं, असं सगळे म्हणत. किंबॉलने त्याला डेप्युटी म्हणून ठेवून घेतलं, आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडून काउंटीतली एकेक वाट समजून घेतली. जनेल आता बहिणीच्या गावी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते.

पुढच्या वर्षी घरातल्या मारहाणीचे फोन चारावरून एकतीसवर गेले. कॅफेत कोणीतरी वर्तमानपत्र आपटलं. "बघ! काउंटी पार बिघडली. एमिलच्या वेळी असलं काही नव्हतं!"

"होतं," ऑरिन म्हणाला. "फक्त सांगायला जागा नव्हती."

त्या एकतिसांतला एक फोन सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईचा होता. ऑरिन गेला. पोरसवदा डेप्युटी असताना याच घरच्या माणसाला आपण पुढच्या सीटवर बसवून हिंडवलं होतं, हे त्याला फाटकातच आठवलं. तिचं सगळं लिहून झाल्यावर त्याने विचारलं, "इतकी वर्षं थांबलात, मग आजच का फोन केलात?"

"बाजारात तू मागचं दार उघडलंस म्हणे," ती म्हणाली. "खरं आहे का, तेवढं बघायचं होतं."

तिचा नवरा ओसरीवरून स्वतःच पुढच्या दाराकडे निघाला होता. ऑरिनने जाऊन मागचं दार उघडलं.

वाचकहो, आपल्या सगळ्यांच्या गावाला असे एखादे 'जुने चांगले दिवस' असतात, आणि त्यांच्यावर माया करण्यात काही गैर नाही. पण गाव किती सुरक्षित आहे, हे दारांना कुलपं आहेत की नाहीत यावरून ठरवू नका. दाराआडून कोणी हाक मारली तर कोण येतं, आणि आल्यावर कोणाचं ऐकून घेतं, यावरून ठरवा. आपलं मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हे एकदा विचारा, आणि त्याच्याआधी स्वतःला विचारा.