दातांवरची पट्टी

सुकन्या बियाणे कंपनीच्या कामासाठी आठवड्यातले चार दिवस लातूर-नांदेड एसटीने फिरायची. चाळिशीत तिने दात सरळ करायला घेतले होते. प्लास्टिकच्या पट्टीसारखा पारदर्शक अलाइनर दिवसातले बावीस तास दातांवर हवा, खाताना काढायचा आणि दात घासूनच परत घालायचा. घरी हे जमायचं. फिरतीवर प्रत्येक स्टँडवर नळ शोधत हिंडायचा तिला इतका कंटाळा आला, की ती खाणंच टाळायला लागली.

त्या दिवशी लोह्यातल्या एका दुकानात माल दाखवता दाखवता तिला गरगरलं. दुकानदाराची आई पार्वतम्मा आतून चहा घेऊन आली.

"नको मावशी, दातांवर पट्टी आहे. काढली की दात घासावे लागतात."

"मग घास की! सकाळपासून काय खाल्लंस?"

सुकन्याचे डोळेच भरून आले.

म्हातारीने तिला आत नेऊन भाकरी आणि वरण वाढलं. सुकन्याने अलाइनर डबीत ठेवला आणि कित्येक दिवसांनी ती सावकाश, पोटभर जेवली. मग तिने मोरीवर बसून दात घासले. पार्वतम्मा तांब्याने पाणी ओतत राहिली.

नांदेडच्या बसमधून तिने दातांच्या डॉक्टरांना फोन लावला. "मॅडम, फिरतीत बावीस तास होत नाहीत. उपाशी राहून बघितलं, आता नाही जमत."

"उपाशी कशाला राहिलात? जेवत जा. पुढचा लगेच घेऊ नका, हाच अलाइनर आणखी आठवडाभर घाला. उपचार थोडे लांबतील, एवढंच."

"लांबू द्या," सुकन्या म्हणाली आणि तिने डोळे मिटले.