सोडायला आलेला अध्यक्ष

राष्ट्रपतींचा शपथविधी टीव्हीवर येडगावात बऱ्याच जणांनी पाहिला, पण मनावर घेतला एकट्या कुंडलिकतात्यांनी. शपथ झाली की नवे आणि जुने राष्ट्रपती खुर्च्या बदलतात, मग नवे जुन्यांना त्यांच्या घरापर्यंत सोडायला जातात, हे पाहून तात्यांना भरूनच आलं. त्याच आठवड्यात ते पाणीवापर संस्थेचे अध्यक्ष झाले. मग काय, मावळते अध्यक्ष रामनाथ यांच्याशी त्यांनी खुर्ची बदलली आणि बग्गी नसल्यामुळं ट्रॅक्टरवर बसवून ताशाच्या गजरात त्यांना घरी सोडलं. रामनाथांचं घर कार्यालयासमोरच. म्हणून गावाला दोन वळसे घातले.

"राव, हरल्यावर एवढा मान आसतो व्हय?" रामनाथ म्हणाले. "मग आधीच हारलो आसतो!"

अशी ही थोर परंपरा एकदाच पाळून झाली होती. यंदा तात्या पडले. निवडून आला भरत. पाण्याच्या पाळ्या लावायला तात्यांनीच त्याला शिकवलं होतं. हरल्याचं तात्यांना फारसं काही नव्हतं. समोर भरत उभा राहिला, ते लागलं.

समारंभाच्या सकाळी त्यांनी परीटघडीचं धोतर नेसलं, टोपी घातली, आरशात पाहिलं आणि ताप आल्याचा निरोप धाडला.

"कुणाला ताप?" त्यांच्या पत्नी कुशाबाईंनी विचारलं.

"मला."

"इस्त्रीच्या कापडात?"

"मी न्हाई त्याला खुर्ची द्यायला जायचो."

"रीत तुमीच आणली व्हती ना?"

"म्हणून तर!"

दहाचा कार्यक्रम भरतनं बारापर्यंत थांबवला. मग खुर्ची बदलायला तात्याच नाहीत म्हणून त्यानं शपथ उभ्याउभ्याच उरकली. थोड्या वेळानं ताशा वाजत वाजत तात्यांच्याच अंगणात आला. तात्या दाराआड उभे राहिले.

"काकू, तात्यांना घरी सोडायचं व्हतं," बाहेर भरत म्हणाला. "पण ते तर घरीच हायेत. म्हटलं, निदान दारापर्यंत तरी यावं."

"उठवू का?" कुशाबाईंनी विचारलं, तेही धरणापल्याड ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

तात्यांचा हात कडीवर गेला.

"नगं, नगं. झोपू द्या. ए, ताशा बंद! ट्रॅक्टर चालू करू नका रे, जाग येईल त्यांना."

आणि अख्खं संचालक मंडळ फेटे सावरत तो सजवलेला ट्रॅक्टर ढकलत ढकलत अंगणाबाहेर घेऊन गेलं. तात्या फटीतून बघत राहिले. एक हाक मारली असती तर सगळे थांबले असते.

पुढं तीन दिवस तात्यांना आजारी राहावं लागलं. तिसऱ्या दिवशी भरत शहाळं घेऊन आला. खाटेवर टेकला, त्यांच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं. त्यानं हात लगेच काढला नाही.

"उतरला वाटतं," तो म्हणाला.

तात्यांना बरंच काही सांगायचं होतं.

"हं," ते म्हणाले, आणि भिंतीकडं वळले.