वडनेरचं मशीन वर्ध्याशी बोललं

वर्ध्याच्या एका लॅबची वडनेरची शाखा म्हणजे बसथांब्यामागची एक खोली. रक्त तपासायचं मशीन, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि हे सगळं सांभाळणाऱ्या यशोदाबाई. मशीनवरच्या आकड्यांचा फोटो त्या मोबाइलवरून वर्ध्याला पाठवत. तिथे ते टाइप होत आणि डॉक्टर अण्णाजी सही करत. पण एकदा एकाच नावाच्या दोन बायांचे रिपोर्ट अदलाबदल झाले आणि अण्णाजींनी फोटो बंद करून टाकले. तेव्हापासून रक्ताच्या नळ्या संध्याकाळच्या बसने वर्ध्याला जात आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येई.

आता वडनेर थेट वर्ध्याच्या नेटवर्कला जोडायचं होतं. कॉम्प्युटर जोडणी करणाऱ्या मयुरीला एकटीने करायला मिळालेलं हे पहिलंच काम. दुपारी राउटरवरचा हिरवा दिवा लागला, तशी ती टाळी वाजवून म्हणाली, "झालं काकू!"

यशोदाबाईंनी लगेच बाहेर बाकावर बसलेल्या धुरपताबाईंना सांगून टाकलं, "थांबा माय. रिपोर्ट आताच भेटते."

धुरपताबाईंची सून स्वीटी शेजारीच डोळे मिटून बसली होती. सातवा महिना, आणि अंगात ताप मुरलेला. प्लेटलेट किती ते कळल्याशिवाय पुढचं सांगत नाही, असं हिंगणघाटच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

यशोदाबाईंनी रक्त मशीनमध्ये लावलं. आकडे आले. पाठवायचं बटण दाबलं, तर स्क्रीनवर लाल अक्षरं: पलीकडचा कॉम्प्युटर सापडत नाही.

मयुरीने पुन्हा दाबलं. वायर काढून लावली. राउटर बंद करून चालू केला. हिरवा दिवा इमानाने लागला, लाल अक्षरंही तशीच आली.

"काऊन वो, काय झालं?" दारातून धुरपताबाईंनी विचारलं. "अजून लय वेळ हाय का? पोरीले बसवत नाई."

"पाहून राह्यली न मी, आजी," मयुरी म्हणाली. आपण फार लवकर टाळी वाजवली, हे तिला आतून टोचत होतं.

तिने लॅपटॉप उघडला आणि वर्ध्याच्या मुख्य कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा नंबर हाताने टाकला. पान उघडलं, पण ते बाजूच्याच प्रिंटरचं. शाई किती उरली, कागद आहे की नाही.

ती बघतच राहिली. मग खुर्चीवरून उठली आणि पुन्हा बसली.

"काकू, दोन्हीकडचे नंबर एकच आहेत! वर्ध्याच्या कॉम्प्युटरचा जो नंबर, तोच या प्रिंटरचा. रिपोर्ट वर्ध्याले जातच नाई, याच खोलीत फिरून राह्यला."

"मंग आता?"

"आता इथचे सगळे नंबर बदलवते."

तिने अण्णाजींना फोन लावला. ते रागावतील याची भीती होती. "सर, माझंच चुकलं. आधी तपासायला हवं होतं. थोडा वेळ द्या."

"घे न बेटा," अण्णाजी म्हणाले. "मी सहीसाठी इथंच बसलो आहे. पण नाव-वय बरोबर येऊ दे."

राउटर, कॉम्प्युटर, प्रिंटर यांचे नंबर बदलले. मशीनचं तेवढं अडलं. त्याच्या इवल्याशा पडद्यावर तो पर्याय सापडेना. यशोदाबाई चष्मा चढवून एकेक पान वाचत गेल्या आणि दोघींनी मिळून तो शोधला. शेवटी मयुरीने मोबाइलच्या इंटरनेटवरून वर्ध्याच्या राउटरला वडनेरचे नवे नंबर कळवले.

या वेळी तिने टाळी वाजवली नाही. बटण यशोदाबाईंनाच दाबायला सांगितलं.

लगेच अण्णाजींचा फोन आला, "स्वीटी, वय चोवीस, वडनेर. आलं. प्लेटलेट जरा कमी आहेत, पण घाबरण्यासारखं नाही. सही करतो."

प्रिंटर घरघरला. कागद बाहेर आला, खाली सहीसकट.

यशोदाबाईंनी तो धुरपताबाईंच्या हातात दिला. "घाबरू नका म्हणते डॉक्टर. हा कागद घेऊन हिंगणघाटले दाखवून येजा."

"भर्ती नाई करा लागत न?"

"ते तिथं सांगतीन. पण धोक्याचं नाई म्हणते."

धुरपताबाईंनी पदराने तोंड पुसलं, स्वीटीच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला हळूच उठवलं. जाता जाता स्वीटी मयुरीकडे बघून थकलेलं हसली.

दोघींना घेऊन ऑटो निघून गेला. मयुरी भिंतीला टेकून खाली फरशीवरच बसली. उगाचच हसू येत होतं.

"सकाळपासून पोटात काई हाय का तुह्या?" यशोदाबाईंनी डबा उघडला. भाकर आणि वांग्याची भाजी.

"नाई काकू."

"मंग सरक इकडं," त्या म्हणाल्या आणि तिच्या शेजारी बसल्या.