भंडाऱ्याची वाटी

नकोशीला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा तिचा वास परत घरात आला.

बिरूनं तो लगेच ओळखला. कळस गावच्या माळावर जन्मभर मेंढरं राखलेला माणूस; कळपात कुणाची जखम नासलीय हे त्याला डोळ्यांआधी नाकानं कळायचं. नकोशीच्या छातीतली गाठ फुटली तेव्हा घरभर हाच वास होता. गाठ तिनं लाजेपायी लपवली होती. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. मग बारामतीच्या माधवी सिस्टरनं बिरूला जवळ बसवून जखम धुवायला शिकवलं. उकळून गार केलेलं मिठाचं पाणी, गोळ्यांची पूड, वर उकळलेलं कापड. त्या पुडीनं वास गेला. शेवटी शेवटी नकोशी चारचौघींत बसली, हसली. मग गेली.

आता वास पुन्हा आला होता. कधी चुलीपाशी, कधी पडवीत, कधी नकोशीच्या घोंगड्याला. शिवाय देव्हाऱ्यातला बिरोबाचा भंडारा. हळदीनं वाटी शिगोशिग भरून ठेवावी, की दोन-चार दिवसांत तिचा तळ दिसायचा. घरात माणसं दोनच. बिरू, आणि त्याची थोरली विधवा बहीण भागूबाई. नकोशी गेल्यावर ती भावाला भाकरी करून घालायला सासरच्या गावाहून, कऱ्हाटीहून आली होती.

"आक्का, भंडारा तू घितीस व्हय?" बिरूनं विचारलं.

"मी कशाला घिऊ? तिलाच लागत आसंल. जीव अडकलाय तिचा हितं."

बिरूला भीती वाटायला हवी होती. त्याला बरं वाटलं. जेवताना तो नकोशीचं ताट वाढून ठेवू लागला. दाराला कडी लावेनासा झाला.

गावात बोलबाला झाला. पारावर दत्तोबा म्हणाला, "बिरूतात्या, जितंपनी वैनीनं तुमाला कदी घरात टिकू दिलं न्हाय, मेंढरांमागं पिटाळलं. आता बरी सोडंना."

लोक हसले. बिरूही हसला. गावचा देवऋषी तेवढा हसला नाही. "उंबऱ्यात खिळा ठोकू," तो म्हणाला. "पुन्यांदा आत यायची न्हाय."

"नगं," बिरू म्हणाला. "तिला तिच्याच घरात बंदी व्हय?"

पुढं भागूबाई दिराच्या नातीच्या लग्नाला कऱ्हाटीला गेली. आणि वास गेला. वाटी भरलेली ती भरलेलीच राहिली. बिरूनं ताट वाढलं, घोंगड्यात तोंड खुपसून पाहिलं. नुसती लोकर. आपलं काय चुकलं, ताटात काय कमी पडलं, हे त्याला कळेना. घर खायला उठलं.

लग्न उरकून आक्का परतली तेव्हा तो फाट्यावर उभा होता. एसटी थांबली. आक्का उतरली, आणि तिच्यामागून वास उतरला.

"आली," बिरू पुटपुटला. त्याच्या जिवात जीव आला.

गाठोडं घ्यायला त्यानं हात पुढं केला. गाठोडं आक्काच्या डाव्या हातात होतं. उजवा तिनं पोटाशी धरला होता. तो मनगटापर्यंत सुजून टम्म झाला होता. त्यावरचं गोंदणातलं तुळशीवृंदावन ताणून फाकलं होतं. नखांत पिवळं भरलं होतं.

शेवटच्या पावसाळ्यात नकोशीचा हात असाच झाला होता. असंच गोंदण फाकलं होतं.

"हाताला काय झालं?"

"गांधीलमाशी चावली."

"आन नखात भंडारा कशाचा?"

आक्कानं हात पदराखाली नेला. एसटी निघून गेली, धुरळा बसला.

"बोलली का न्हाईस?" बिरूनं विचारलं.

"काय बोलू? पाठच्या भावाला छाती दावू?" ती चालायला लागली. थोड्या अंतरावर थांबून म्हणाली, "आन तू खूश हुतास. ताट वाढत हुतास तिचं. कुठल्या तोंडानं सांगू, ती न्हाय, मी हाय म्हनून?"

बिरूनं तिच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि मागोमाग निघाला. पडवीत टेकल्यावर म्हणाला, "उद्या बारामतीला जायचं. मी न्हाय बगत. सिस्टर बगंल."

"नकोशी वाचली का तिच्या हातनं?"

"न्हाय वाचली. पन लपून बसून न्हाय मेली."

दुसऱ्या दिवशी माधवी सिस्टरनं बिरूला ओळखलं. "नकोशीबाईंचे मालक ना तुम्ही?" एवढंच म्हणून ती आक्काला पडद्याआड घेऊन गेली. बिरू बाकड्यावर बसला. आधी आतून आक्काची कुजबुज आली. मग सिस्टरचा आवाज. "मावशी, भंडारा देवाला वाहा. जखमेला नको." मग बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज.

सिस्टर हात पुसत बाहेर आली. "उशीर केलात. पण नकोशीबाईंच्या वेळेपेक्षा लवकर आलात. डॉक्टर तपासतील, मग पुण्याला रेडिएशनचा शेक द्यायला न्यावं लागेल. बरं होईल असं मी म्हणत नाही. प्रयत्न करू."

"जखम कुनी धुवायची? मी भाऊ हाय."

"त्यांनाच शिकवते, आरशात बघून." ती आत वळली आणि पुन्हा थांबली. "पुढच्या महिन्यापासून आम्ही नर्सा गावोगाव जाणार आहोत, बायकांना तपासायला. कळसला बसायला जागा हवी. पडद्याची."

"माज्या घरात बसा," बिरू म्हणाला. "दार उघडंच आसतंय."

आक्काला दवाखान्यात ठेवून घेतलं. बिरू दिवस मावळताना एकटाच घरी आला. उंबऱ्यात थांबून त्यानं श्वास ओढला. राख, लोकर, थंड चूल. वाटी शिगोशिग भरलेली.

त्यानं चूल पेटवली, पाणी ठेवलं. पेटीतून नकोशीचं धुवट लुगडं काढलं. वर्षभर कुणाला हात लावू दिला नव्हता. नाकाशी धरलं. काही नव्हतं. काठ बाजूला करून तो पट्ट्या फाडू लागला, आक्काच्या जखमेला पुरतील एवढ्या.

जेवायला त्यानं ताट एकच घेतलं. पाण्याला उकळी फुटली तशा पट्ट्या आत सोडल्या आणि दाराकडं बघितलं. कुणी येणार नव्हतं. तरी कडी लावायला तो उठला नाही.