चित्रकाराच्या मुलीची पाटी

संग्रहालयाच्या बैठकीच्या खोलीत पंखा कुरकुरायचा म्हणून तो बंद ठेवायचे. त्या उकाड्यात ती पुन्हा एकदा तेच सांगत होती, आणि पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय ते तिला पुन्हा एकदा कळत होतं.

ती इतिहास शिकवायची. साडेतीनशे वर्षांपूर्वी बायका पोटासाठी काय काय कामं करायच्या, हा तिचा विषय. भांडण होतं एका पाटीवरून. लाकडी फळ्यावर रंगवलेलं एक चित्र: खिडकीशी शिवत बसलेली बाई, मांडीवर पसरलेलं कापड. त्याखाली वर्षानुवर्षं लिहिलेलं होतं, ‘थोरला चित्रकार व त्याचे शिष्य’. तिचं म्हणणं, हे चित्र थोरल्याच्या मुलीनं काढलंय. आता नवं दालन उघडणार होतं, पाट्या नव्यानं लिहायच्या होत्या. आता नाही तर पुढची वीस वर्षं नाही.

“पुरावा काय?” संचालकबाईंनी विचारलं. त्या हे दर बैठकीत विचारत.

“मॅडम, शेजाऱ्यांच्या एका दाव्यात थोरला साक्षीला उभा राहिला होता. त्यानं कोर्टात स्वतः सांगितलंय की डोळे गेलेत, मुलगी हात धरून घेऊन आली, आता चित्रशाळा तीच चालवते. आणि हा फळा...” तिनं शेजारी बसलेल्या शास्त्रज्ञाकडे पाहिलं. जुन्या लाकडाचं वय काढणं हे त्याचं काम. सगळे त्याला लाकूडवाला म्हणत.

“त्या साक्षीच्या वेळी या फळ्याचं झाड अजून उभं होतं,” लाकूडवाला म्हणाला. “म्हणजे हा फळा थोरल्याचे डोळे गेल्यानंतरचाच. पण मी फक्त झाडाबद्दल बोलू शकतो. चित्र कुणी काढलं ते झाड सांगत नाही. ते इतिहासवाल्यांनी ठरवावं.”

“सर, तुम्ही तरी बोला.”

कोपऱ्यातल्या खुर्चीत मोठे सर बसले होते. चित्रकलेतले जाणकार, आणि तिचे स्वतःचे गुरू. “अगं, हात वेगळा आहे हे मी कधीचं म्हणतोय,” ते म्हणाले. “थोरला कापडाच्या चुण्या अशा काढत नसे. पण नुसत्या हातावरून नाव कसं द्यायचं? कागद हवा.”

“कागद आहे ना, सर!”

“त्यात या चित्राचा उल्लेख आहे का?”

नव्हता. तेही खरंच होतं. तिच्या मस्तकात तिडीक गेली ती याचमुळे. तिघांकडे एकेक तुकडा होता, तिन्ही तुकडे एकमेकांत चपखल बसत होते, आणि बाकीचे दोघं आपापला तुकडा खिशात ठेवून दुसऱ्याकडे बोट दाखवत होते. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी पुढं येईना.

शेवटी संचालकबाईंनी तोडगा काढला. “असं करू. ‘थोरल्याची मुलगी’ लिहू आणि कंसात प्रश्नचिन्ह टाकू. सगळ्यांचं समाधान.”

ती घरी गेली ती धुसफुसतच. नवरा भाजी चिरत होता. सगळं ऐकून तो म्हणाला, “त्या बाईला जाऊन साडेतीनशे वर्षं झाली. एका प्रश्नचिन्हानं तिचं काय बिघडतंय?”

“तिचं नाही, माझं बिघडतंय!” ती म्हणाली, आणि त्याच्या हातातली सुरी घेऊन उरलेली भाजी अशी काही चिरली की त्यानं मुकाट्यानं कुकर लावायला घेतला.

चिरता चिरताच तिला सुचलं.

पुढच्या बैठकीत ती शांतपणे बसली. तिला शांत बघून लाकूडवाल्यानं खुर्ची थोडी लांब सरकवली.

“प्रश्नचिन्ह मला मान्य आहे,” ती म्हणाली. संचालकबाईंचा चेहरा खुलला. “फक्त ते थोरल्याच्या सगळ्या चित्रांवरही टाका.”

“हे काय नवीन?”

“सर, थोरल्याच्या एका तरी चित्रावर सही आहे?”

मोठे सर जरा चुळबुळले. “नाही.”

“मग ती त्याची कशावरून?”

“त्याच्या घरात सापडली. हात सारखा आहे. काळ जुळतो.”

“हेही त्याच घरात सापडलं. यातल्या चुण्या आणि मुलीच्या काळातल्या आणखी दोन फळ्यांवरच्या चुण्या एकाच हातच्या आहेत, हे तुम्हीच मला दाखवलंत. काळ तर झाडानं जुळवून दिलाय. बापाला जेवढ्या पुराव्यावर अख्खं दालन, तेवढ्याच पुराव्यावर मुलीला कंस?”

दालनाच्या दारावर थोरल्याचं नाव आधीच हातभर अक्षरांत रंगवून झालं होतं. संचालकबाईंनी डोळे मिटले, उघडले. “प्रश्नचिन्ह काढून टाका.”

तिला वाटलं, जिंकले. दोन दिवसांनी पाटीचा मसुदा आला: ‘थोरल्याची मुलगी, वडिलांच्या मार्गदर्शनाखाली’.

ती जिने चढून थेट संचालकबाईंच्या दारात उभी राहिली. धाप लागली होती. “मॅडम, दिसत नव्हतं हो त्याला! कसलं मार्गदर्शन? कापडाची चुणी चुकली हे त्याला काय वासावरून कळत होतं?”

संचालकबाई अचानक हसू लागल्या, आणि हसता हसताच त्यांनी लाल पेननं ती ओळ खोडली. “माझ्या वडिलांच्या दुकानावर अजून त्यांचंच नाव आहे,” त्या म्हणाल्या. “तीस वर्षं बहीण चालवतेय. जा आता, बाई. हात टेकले तुझ्यापुढं.”

दालन उघडलं त्या दिवशी मोठे सर त्याच चित्रापुढं उभे होते, भोवती पाहुण्यांचं कोंडाळं. “मुलीचंच आहे हे,” ते ठासून सांगत होते. “आम्ही पहिल्यापासून म्हणत आलोय.”

तिनं तोंड उघडलं. लाकूडवाल्यानं हळूच तिच्या कोपराला स्पर्श केला. “राहू द्या. म्हणतायत ना.”

“पहिल्यापासून?” ती दबक्या आवाजात फणकारली. “पहिल्यापासून!”

पण गर्दी पांगल्यावर ती चित्राजवळ गेली. कित्येक महिने तिनं त्यातल्या चुण्याच तेवढ्या बघितल्या होत्या. आज बाईचा उजवा हात दिसला. खांदा आणि कोपर यांच्यामध्ये तो भलताच लांब झाला होता, आणि ते झाकायला वरून ओढणीची पट्टी घाईघाईनं रंगवलेली होती. तिनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पट्टीनं काही झाकलं गेलं नव्हतं.

“अगं बाई,” ती चित्राला म्हणाली, “काढताना हे कुणा दिसणाऱ्याला तरी विचारायचं नाही का?” आणि ती पर्स सावरत उद्घाटनाला आलेल्या नवऱ्याला शोधायला निघाली.