घनवाद, सोदाहरण

कलेच्या सहवासात माणसाच्या मनातले क्षुद्र विकार गळून पडतात, हे वाक्य तेजराम ओसरीत येरझाऱ्या घालत चौथ्यांदा म्हणाला आणि थांबला. लोकेशनं पुढचा प्रश्न त्याला न विचारता त्याच्या बायकोला विचारला होता.

वास्तविक पुष्पलताचं काम गाइड धरून बसण्यापुरतं होतं. कुणी समोर पुस्तक धरून बसल्याशिवाय तेजरामचं पाठांतर होत नसे. ही सवय तिसरीपासूनची. बालाघाटातल्या एका खाजगी शाळेत तो बावीस वर्षं चित्रकला शिकवत होता. गणेश मंडळाची सजावट असो की रांगोळी स्पर्धा, निकाल त्याचाच. शहरात कलेतलं कळणारा माणूस एकच, याबद्दल शहराचं आणि त्याचं एकमत होतं. आता शाळेनं एम.ए. मागितलं म्हणून तो बाहेरून परीक्षेला बसला होता. लालबर्ऱ्याचा लोकेशही बसला होता आणि दर रविवारी सकाळी सरांकडे अभ्यासाला येत होता.

पुष्पलता तांदूळ निवडत होती. गाइड मांडीवर उघडं. त्यात छापलेल्या चित्रातल्या बाईचं नाक बाजूनं दिसत होतं, डोळे समोरून. हे असं काहून, एवढंच लोकेशनं विचारलं होतं.

"पोरगी पाहाले येतात ना, तसं," ती म्हणाली. "सासू नाक पाह्यते, नणंद चाल पाह्यते, मामा मागून वेणी पाह्यते. घरी जाऊन सारे म्हणतात, पोरगी पाह्यली. आता त्या साऱ्यायनं पाह्यलेलं एकाच कागदावर काढा. हेच निंघते."

लोकेशनं ते वहीत उतरवून घेतलं. वर तारीखही टाकली.

"अन् सरनं काय पाह्यलतं, भाभी?"

"यायनं? पोहे."

दोघं हसले. तेजरामही हसला, जरा उशिरा. गाइडमधली घनवादाची, म्हणजे क्युबिझमची, व्याख्या तो अकरा दिवसांपासून घोकत होता. तिच्यात 'युगपत संश्लेषण' असे दोन शब्द होते आणि रोज त्यांतला एक गळत होता.

बायकोची नजर परक्याकडे वळली असती, तर ते चारचौघांत सांगता आलं असतं. चार लोक धावूनही आले असते. पण बायकोला घनवाद कळतो, ही तक्रार घेऊन जायचं कुणाकडे?

दुपारी जेवताना त्यानं ताटाकडे बघत विचारलं, "हे तुले कोणं सांगतलं?"

"काय?"

"पोरगी पाहाच्याचं."

"कोण सांगन? सात जागचे लोक पाहून गेलते मले," ती म्हणाली आणि वरण वाढलं. "तुमी आठवे."

पुढच्या रविवारी अभ्यास शाळेच्या प्रयोगशाळेत हलला. घरी लक्ष लागत नाही, हे कारण. पुष्पलता हौ म्हणाली आणि गाइडला नवं कव्हर घालून दिलं. तिथं ते धरणार कोण, हा प्रश्न आला. तेजरामनं ते सांगाड्याच्या बरगड्यांत अडकवलं आणि समोर उभा राहिला. पाठांतर काही झालं नाही. पण सांगाडा उदाहरणं देत नव्हता, एवढं समाधान होतं. लोकेशनं भाभीची तब्येत दोनदा विचारली आणि तिसऱ्या रविवारी तो आलाच नाही.

पेपरात घनवाद आला. सोदाहरण. तेजरामनं पेन उघडलं. व्याख्येतले दोन्ही शब्द गळालेले होते. त्यांच्या जागी सासू आली, नणंद आली, मामा आला आणि सगळे ओळीनं बसून त्याच्याकडे बघू लागले. एवढं लिहिलं असतं तरी झालं असतं. त्यानं पेनाला टोपण लावलं, थोडा वेळ पंख्याकडे बघितलं. खाली 'अथवा' होतं: मुघल शैली. त्यानं दोन पानं मुघल शैली लिहिली आणि भोवती नक्षी काढली.

पेपर सुटला तेव्हा लोकेश फाटकाशी थांबलेला होता.

"सर, भाभीवालं उदाहरण पूरा लिहून आलो. तुमी?"

"मीनंच सांगतलतं ते तिले," तेजराम म्हणाला.

लोकेशनं मान डोलावली आणि लालबर्ऱ्याची बस पकडायला गेला.

पेपर शंभराचा होता. घनवादाचा प्रश्न सात गुणांचा.